साडेचार तासांचं जेवण

सोमवार, ४ मार्च

आज हे गेले आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. घरात मुळात आम्ही दोघंच, त्यातला एक आता सोमवार ते शुक्रवार परगावी. मला बडबडायची सवय. भिंतीशी बोलले तर शेजारीण ऐकून सगळ्या जिन्याला सांगेल. म्हणून ही वही. हिला कान आहेत, तोंड नाही.

समुद्रापलीकडच्या शहरात एक चाळीस मजली इमारत उभी राहतेय. तिच्या लिफ्ट बसवायचं काम यांच्याकडे आलंय. सोमवारी सकाळी जायचं, शुक्रवारी संध्याकाळी परत. अंतर तीन हजार तीनशे किलोमीटर, विमानाला साडेचार तास. विमान नव्यानेच सुरू झालंय आणि त्यात जेवण चढवायचं काम आमच्या किचनला मिळालंय. परतीचं जेवणही इथूनच भरून जातं. त्याची सुपरवायझर मी! म्हणजे नवरा ढगात असला तरी माझ्याच हाताखालचं खाणार. हे यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तिथेही सुटका नाही."

पोट सुटलंय यांचं. लग्नातली अंगठी बोटात अशी रुतलीय की साबण लावूनही निघत नाही. मी म्हटलं बरंच झालं, तिकडे काढून ठेवायचा मोह व्हायला नको. यावर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "काहीतरीच तुझं."

गुरुवार, ७ मार्च

आमच्या किचनचा नियम सोपा आहे. दोन तासांचं विमान असेल तर सँडविच, पाच तासांपर्यंत एक गरम जेवण, त्यापुढे दोन. ते शहर कसं आहे, तिथे बघण्यासारखं काय, आम्हाला काही देणंघेणं नाही. आमच्या लेखी जगात दोनच प्रकारची गावं, एका जेवणाची आणि दोन जेवणांची.

आज नव्या विमानाची एअर होस्टेस ट्रॉल्या बघायला आली होती. पोरगी बावीस-तेवीसची, हनुवटीवर तीळ, दर वाक्याला हसते. "काकू, हे झाकण कसं उघडायचं? काकू, हा ब्रेक कुठे असतो?" सकाळभर काकू काकू. मी अजून पंचेचाळिशीसुद्धा गाठलेली नाही. पण गोड आहे, मनात ठेवलं नाही.

शुक्रवार, १५ मार्च

विमान कंपनीच्या ऑफिसातून फोन आला, यापुढे दोन जेवणं द्या. मी विचारलं, विमान वाट वाकडी करून जाणार आहे का? तर म्हणे, "नाही हो मॅडम, अंतर तेवढंच, वेळ तेवढाच. जेवण कमी पडतंय असं क्रू म्हणतो." बरं बाबा, घ्या दोन.

धुलाईतल्या मावशी पण म्हणत होत्या, की या विमानाच्या ट्रॉल्या परत येतात तेव्हा धुवायला काही उरतच नाही. एरवी निम्मं अन्न तसंच येतं. लोकं झाकण उघडतात, वास घेतात आणि नाक मुरडतात. इथे ट्रे चाटूनपुसून. लोण्याच्या पुड्या, साखर, मीठ, काही म्हणजे काही परत येत नाही.

हे संध्याकाळी आले. मी दोन भाज्या केल्या होत्या. यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "पोट भरलंय गं."

"किती जेवलात विमानात?"

"एकदाच. का दोनदा... लक्षात नाही. बसलं की झोप लागते आणि जाग येते तेव्हा उतरायचं असतं."

यांची नखं केवढी वाढलीत! रविवारी डोक्यावर बसून कापून घ्यायला लावली होती. तिकडे आंघोळ तरी करतात की नाही कोण जाणे.

शुक्रवार, २९ मार्च

जेवणं दोनाची चार झाली आणि चाराची सहा. आता शेवटच्या रांगांमधल्या खुर्च्या काढून तिथे ट्रॉल्या उभ्या करतात. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाईक मागतंय, आपण द्यायचं. तुम्हाला काय त्रास आहे?" साहेबांना टक्कल आहे, विचार तिथून घसरून पडतात.

खरा राग वेगळाच आहे. संध्याकाळी यांना तिकडून कोणाचा तरी फोन आला आणि हे त्यांच्या भाषेत बोलायला लागले. घडाघडा! मधेच हसले, समोरच्याला काहीतरी विनोद सांगितला. मी हातात वाटी धरून उभीच राहिले. या माणसाला वीस वर्षांत स्वयंपाकघरातला नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते शिकता आलेलं नाही.

"कोणी शिकवलं?"

"विमानात शेजारच्या सीटवर एक आजोबा असतात. त्यांना आपली भाषा येत नाही. वेळ जाता जात नव्हता, मग शिकवत बसले."

"साडेचार तासांत? आणि तुम्हाला तर झोप लागते ना विमानात?"

खोटं बोलताना यांचे कान लाल होतात. आज झाले नाहीत, म्हणून जास्तच भीती वाटली. कुठेतरी पाणी मुरतंय.

मंगळवार, २ एप्रिल

आज मात्र कहर झाला. विमान कंपनीने ट्रे नकोच म्हणून सांगितलं. मागणी काय, तर तांदळाची पोती, बटाटे, कांदे, दूध पावडर, मीठ, साबण. शिवाय मातीच्या कुंड्या, पालेभाजीचं बी पेरून! मी ऑर्डर घेणाऱ्याला म्हटलं, "विमान आहे की बोट? कोंबड्या पण देऊ का?" तर तो म्हणाला, "थांबा, विचारून सांगतो."

दुसरं म्हणजे चौदाव्या रांगेतल्या एका बाळासाठी आधी पेज लिहिलेली, आणि त्याच विमानात, त्याच सीटला, पुढे मोठ्या मुलांचं जेवण. ऑर्डर घेणाऱ्याला झापलं. म्हटलं, एका फेरीत बाळाला दात फुटणार आहेत का? तोंड पाडून दुरुस्त करून आणलं.

आणि दुपारी मावशींनी एक कप आणून दाखवला. परत आलेल्या ट्रॉलीत होता. आत कागदी रुमालात गुंडाळलेला दुधाचा दात. "कोणाचं तरी लेकरू पडलं असेल हो," म्हणाल्या. मावशींनी तो टाकला नाही, खिडकीत ठेवलाय. मला नाही आवडलं. पण टाका म्हणायचाही धीर झाला नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

मी आज रडले. कारण अगदी फालतू, पडदे.

गेल्याच्या गेल्या रविवारी आम्ही दोघं जाऊन पडदे आणले. दुकानात भांडलो, हिरवे की पिवळे. रस्ताभर अबोला, घरी येऊन हसलो. आज हे आले आणि पाहुण्यासारखे पडद्यांकडे बघत म्हणाले, "छान आहेत. कधी घेतले?"

मी म्हटलं, "थट्टा करताय?" तर खरंच आठवेना. मग म्हणाले, "हां हां, हिरवे की पिवळे... अगं, ती केव्हाची गोष्ट!"

केव्हाची म्हणजे? पंधरवडा झालेला नाही!

कानांवरचे केस पांढरे झालेत. वाचताना पुस्तक लांब धरतात. रक्तदाबाच्या गोळ्यांची महिन्याभराची पाकिटं सोमवारी दिली होती, ती सगळी रिकामी. मी विचारलं, मूठभर खाता की काय? आणि जेवताना एकदम म्हणाले, "आजोबा गेले."

"कोण आजोबा?"

"शेजारचे. खोकला झाला होता. बरेच दिवस चालला."

"कुठे गेले?"

चमचा हातात तसाच. "मला वाटतं, मधेच कुठेतरी," म्हणाले. मग भात कालवत बसले, खाल्ला नाही.

रविवार, ७ एप्रिल

ताईंचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, व्हिडिओ कॉल. त्या यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या. फोनवर यांना बघून ओरडल्याच. "अगं बाई! हा तर माझा मोठा भाऊ दिसायला लागला! तू याला खायला घालतेस की नाही?"

खायला घालते! माझ्या हातचं खायला यांच्या पोटात जागा कुठे आहे! आधीच कोणीतरी भरवून पाठवतंय. केस कोणीतरी कापून देतंय, वेडेवाकडे, घरच्यासारखे. शर्टाला बटण कोणीतरी लावलंय, मी कधी वापरत नाही त्या निळ्या दोऱ्याने. मी शांतपणे विचारलं. (मी शांत असते तेव्हा यांना जास्त भीती वाटते.) तर म्हणाले, "ती पोरगी लावून देते. एअर होस्टेस. फार करते गं सगळ्यांचं. आजोबांचं पण तिनेच केलं."

तीळवाली! काकू काकू करत माझ्याच किचनमध्ये येऊन माझीच झाकणं उघडायला शिकून गेली.

हे आंघोळीला गेल्यावर निळा दोरा उसवून काढला आणि पांढऱ्याने बटण लावलं. दोनदा सुई टोचली.

गुरुवार, ११ एप्रिल

आज सामान चढवणाऱ्या गाडीत बसून मी स्वतः विमानापाशी गेले. म्हटलं बघूच भवानीला एकदा समोरासमोर.

विमान नुकतंच रिकामं झालं होतं. पायथ्याशी अॅम्ब्युलन्स उभी होती. गाडीवाला म्हणाला, या विमानाला हल्ली रोजच लागते, म्हाताऱ्यांना हवा मानवत नाही. उतरलेली माणसं उन्हात डोळे बारीक करून, एकमेकांचे हात धरून चालली होती. अनोळखी माणसं अशी चालत नाहीत.

आत गेले तर कसलातरी राहत्या घराचा वास. डोक्यावरच्या कप्प्यांमधून दोरी बांधलेली, तिच्यावर लंगोट वाळत घातलेले. पडद्यामागून एक बाई आली. डोक्यावर निम्म्याहून अधिक केस पिकलेले, गणवेश धुऊन धुऊन विटलेला, आणि हनुवटीवर तीळ. मी ओळखलं, ही त्या पोरीची आई असणार. घराणंच्या घराणं विमानात नोकरीला!

"तुमची मुलगी कुठे आहे?" मी जरा आवाज चढवूनच विचारलं.

डोळे भरले तिचे. म्हणाली, "काकू, तुम्ही अगदी तशाच आहात."

माझ्याहून दहा वर्षांनी मोठी आणि मला काकू म्हणते! तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती माझा हात धरून म्हणाली, "काकू, मीठ जरा जास्त द्या हो. मिठावाचून फार हाल होतात. आणि सुया." मी हात सोडवून घेतला. आईच लेकीची बाजू घेणार, आणखी काय. पण तिचा तळहात पोतेऱ्यासारखा खरखरीत होता. तो स्पर्श अजून जात नाही.

गुरुवार, १८ एप्रिल

साहेब आठवडाभर रजेवर. किचन माझ्या ताब्यात.

मी खूप विचार केला. साडेचार तासांत शंभर-दीडशे माणसं पोतीच्या पोती तांदूळ खात नाहीत. म्हणजे माल तिकडे उतरतो आणि विकला जातो. त्या मायलेकींचा धंदा आहे आणि माझा नवरा त्यात पुरता गुंतलाय. भाषा शिकला, बटण लावून घेतलं, घरात भूक लागत नाही, सगळं जुळतं. चोर पकडायचा तर आधी माल बंद करायचा.

उद्याच्या विमानात जाताना एक गरम जेवण, येताना एक गरम जेवण. नियमाप्रमाणे. सगळी पोती मी आज गोदामात परत पाठवली. ऑर्डरवाला कुरकुरला, "मॅडम, क्रू ओरडेल." मी म्हटलं, "साडेचार तासांत उपाशी कोणी मरत नाही." आणि सही ठोकली.

शुक्रवार, १९ एप्रिल

आज हे जेवले! किती दिवसांनी!

दार उघडलं आणि सरळ स्वयंपाकघरातच गेले. बूट न काढता. पातेल्यातला भात हाताने खायला लागले, उभ्या उभ्या. मी म्हटलं, अहो बसा तरी, वाढते. बसले. भाजी, भात, चार अंडी, कालचा ब्रेड, सगळं. मी वाढत होते आणि मनात म्हणत होते, बघ भवाने, दाणापाणी तोडल्याबरोबर माझं माणूस माझ्या ताटावर आलं की नाही. मला इतका आनंद झाला की मी गाणं गुणगुणत होते.

बारीक झालेत मात्र. गालाची हाडं वर आलीत, शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा. मी म्हटलं, "एवढी कसली भूक?" तर म्हणाले, "नुसता भात होता. मागच्या खेपेचं एक पोतं उरलेलं. तोही मोजून. आधी मुलांना..." आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जणू आपण काय बोललो हे यांनाच कळत नव्हतं.

तेवढ्यात माझं लक्ष हाताकडे गेलं. बोटात अंगठी नाही.

साबणाने निघत नव्हती ती अंगठी! मग झालं. जे जे दीड महिना पोटात होतं ते सगळं बाहेर आलं. शेजारणीला आज जिन्यात उभं राहायचीसुद्धा गरज पडली नसेल. हे एकच म्हणत होते, "निघाली गं. आपोआप निघाली. कुठे पडली कळलंच नाही." मी म्हटलं, जिच्याकडे पडली तिच्याकडेच जा.

आता बाहेरच्या खोलीत झोपलेत. ताटात एक शीत ठेवलेलं नाही.

शनिवार, २० एप्रिल

सकाळी मावशींनी मूठ माझ्यासमोर उघडली. आत अंगठी. आतल्या बाजूला आमच्या लग्नाची तारीख कोरलेली.

"कालच्या ट्रॉलीत, ट्रेच्या फटीत होती," मावशी म्हणाल्या. "आणि मॅडम, कालचे ट्रे बघा तुम्ही एकदा."

बघितले. झाकणांची चांदी चाटून चाटून घासलेली. कागदी रुमाल एकही नाही. लाकडी चमच्यांवर दातांचे व्रण. मागच्या खेपेच्या कुंड्या परत आल्यात, त्यात पान सोडा, मुळंसुद्धा नाहीत.

विमानतळावरचा गाडीवाला सांगत होता, काल व्हीलचेअर कमी पडल्या. तरण्याताठ्या माणसांना पण उचलून उतरवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, कसलीतरी साथ आलीय.

मी धुलाईच्या खोलीत खाली फरशीवरच बसले. मावशींनी पाणी दिलं. अंगठी माझ्या अंगठ्यात घातली, तर तिथेही ढिली. एवढं जाड बोट होतं यांचं. साडेचार तासांत कोणाचं बोट असं झिजत नाही. बोटाला झिजायला महिने लागतात. भाषा यायला महिने लागतात. नखं, केस, गोळ्या, पडदे. बाळाची पेज आणि त्याच बाळाचं जेवण. "ती केव्हाची गोष्ट" म्हणाले होते हे. आणि ती काकू म्हणणारी बाई. ती कोणाची आई नव्हे, तीच ती पोरगी. मला म्हणाली, तुम्ही अगदी तशाच आहात.

खाली साडेचार तास होतात. वर किती होतात देवाला माहीत.

आणि हे इतके दिवस वर कोणाच्या हातचं खात होते? माझ्याच ना. मीच भरलेलं होतं ते सगळं. ते मी बंद केलं. सही माझी. यांच्या भुकेने मला गाणं सुचलं.

रविवार, २१ एप्रिल

यांना सगळं सांगितलं. आधी हसले. मग अंगठी बोटात घातली, ती गळून ताटात पडली, आणि हसायचे थांबले.

"म्हणजे मी किती वर्षांचा असेन गं आता?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, "जायचं नाही आता. नोकरी गेली खड्ड्यात."

मग म्हणाले, "लिफ्टचे ब्रेक तपासायचे राहिलेत. मंगळवारी लोकं राहायला येणार. चाळीस मजले आहेत. दुसऱ्या कोणाला त्या ब्रेकचं काही माहीत नाही. एकदा जाऊन यायलाच पाहिजे. दुसरं विमान नाही, बोटीने पोचेपर्यंत लिफ्ट पडलेली असेल."

मी पुष्कळ बोलले. रडले, ओरडले, दाराला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली. हे बसून बॅगेतली हत्यारं पुसत राहिले. हा माणूस एका स्क्रूसाठी परत चाळीस मजले चढणारा आहे, मला लग्नाआधीपासून माहीत आहे. शेवटी मीच किल्ली काढून टेबलावर ठेवली.

हे माझ्याहून तीन वर्षांनी मोठे होते. आता किती, ठाऊक नाही. पुन्हा जाऊन आले की आणखी किती. मी इथे खाली पडदे बदलत बसणार आणि हे तिथे एकटे म्हातारे होणार, परक्यांनी लावलेली बटणं घालून. मला नाही चालणार. माझ्या माणसाला म्हातारं व्हायचंच असेल तर माझ्यासमोर होऊ दे.

किचनमध्ये फोन केला. साहेब उद्या दुपारी येतील, तोवर सही माझीच. विमानात मावेल तेवढं भरा म्हणून सांगितलं. पोती, बटाटे, कुंड्या, गूळ, औषधं. मीठ दुप्पट. सुया. निळा दोरा नको.

मग स्टाफच्या सवलतीत माझं तिकीट काढलं.

सोमवार, २२ एप्रिल, विमानात

काउंटरवरच्या मुलीने आमच्या बॅगा उघडून बघितल्या. लोकर, साबणाच्या वड्या, लहान मुलांची बोथट कात्री, यांचे तीन चष्मे, एक वर्षाच्या गोळ्या. "किती दिवसांसाठी चाललात?" विचारलं. मी म्हटलं, "साडेचार तास." ती हसली. हे पण हसले. मला हसू आलं नाही.

तीळवाली दारात उभी होती. तिने माझा हात धरला. मी या वेळी सोडवून घेतला नाही. शुक्रवारी जेवण तोडलं त्याची माफी मागायची होती, ती राहिलीच, नुसतं "मीठ आणलंय" म्हटलं.

आमच्या पलीकडे एक तरुण बाई, मांडीवर बाळ. चार-पाच महिन्यांचं असेल. टक्कल थेट आमच्या साहेबांचं.

कॅप्टनने सांगितलं, अंतर तीन हजार तीनशे किलोमीटर, वेळ साडेचार तास, हवा स्वच्छ. यांनी माझा पट्टा लावून दिला. झोप यायला लागलीय. पण लिहीत राहायचं ठरवलंय. लिहिलं तर राहील.

सोमवारच

वही उघडली तेव्हा वरचं अक्षर माझंच आहे हे क्षणभर ओळखू आलं नाही. खिडकीबाहेर तेच पांढरं, ऊन तिथल्या तिथे. यांचे केस कापले. या वेळी सरळ. पालेभाजी उगवलीय. बाळाला पहिली पेज मी भरवली, सगळी माझ्या अंगावर थुंकली.

अजून सोमवार

लोकर संपली, उसवून पुन्हा विणली. यांनी मला ती भाषा शिकवली. मी यांना नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते शिकवलं. भांडायला विषय राहिला नाही म्हणून पडद्यांवरून पुन्हा भांडलो. हे म्हणतात पिवळे घ्यायला हवे होते. मी म्हटलं, उतरलो की बदलू.

अंगठी दोऱ्याने गुंडाळून जाड करून दिलीय. आता बसते.

सोमवार

डोळ्यांना कमी दिसतं म्हणून थोडंच लिहिते. पानंही थोडीच राहिलीत.

आज तांदळाची खीर केली होती. शेवटचा गूळ. मी वाटी मांडीवर घेऊन बसले होते. पलीकडच्या सीटवरून ते पोर उतरलं आणि आपल्या पायांनी चालत माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. पुढचे दोन दात पडलेले. यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आजी," म्हणालं, "आजोबांनी त्यांची खीर मला दिली. तुमची पण देता का?"

आजी! एके काळी नुसतं काकू म्हटलं तरी मला राग यायचा. आत्ताही यायला हवा होता. पण शेजारी हे बसलेत, आणि हे आजोबा झालेत तर मी आजीच बरी.

वाटी दिली त्याला.